तीन हजारांचा फास्टॅग पास: कुठे वसूल, कुठे वाया

पुण्याहून कोल्हापूरला वर्षातून पाच-सहा वेळा जाऊन येणाऱ्या मोटारीला फास्टॅगचा वार्षिक पास आरामात परवडतो. दर शनिवारी मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या मोटारीला मात्र त्याच पासाचा छदामाचाही उपयोग नाही. पासाची जाहिरात वाचून हा फरक कळत नाही. तो कळण्यासाठी रस्ता कुणाचा आणि टोल कुणाच्या खिशात जातो, एवढं माहीत असावं लागतं. यातली गंमत अशी की हा पास आणणारे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी, आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ज्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला तेही नितीन गडकरीच. त्यांचा पास त्यांच्याच रस्त्यावर चालत नाही. त्याचं कारण पुढे येईलच, आधी वस्तू नीट पाहू.

काय विकत मिळतं

पासाची घोषणा १८ जून २०२५ रोजी झाली आणि तो १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागला. २०२५–२६ मधली किंमत ३,००० रुपये. त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, दोहोंपैकी जे आधी संपेल ते. वर्ष मोजायचं ते पास सुरू झाल्याच्या तारखेपासून, एप्रिलपासून किंवा जानेवारीपासून नाही. रक्कम दरवर्षी बदलू शकते, त्यामुळे पैसे भरताना अ‍ॅपवर दिसेल तो आकडा खरा. इथला सगळा हिशेब ३,००० धरून केला आहे.

फेऱ्या शिल्लक राहिल्या तर पुढच्या वर्षात जात नाहीत. पैसे परत मिळत नाहीत. पास एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. घरात दोन मोटारी असतील तर दोन पास. उलट २०० फेऱ्या आठ महिन्यांत संपल्या, तर वर्ष पुरं व्हायची वाट न पाहता नवा पास घेता येतो.

‘फेरी’ या शब्दावर बरेच जण फसतात. आपल्या बोलण्यात फेरी म्हणजे जाऊन येणं. इथे एक नाका एकदा ओलांडला की एक फेरी संपली. त्याच नाक्यावरून संध्याकाळी परत आलात की दुसरी. खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी या चार नाक्यांवरून पुणे–कोल्हापूर जाऊन-येऊन केलं की आठ फेऱ्या वजा. अपवाद बंदिस्त टोल-पद्धतीच्या रस्त्यांचा. अहमदाबाद–वडोदरा एक्स्प्रेसवे किंवा दिल्ली–मुंबई एक्स्प्रेसवेचे सुरू झालेले टप्पे यांवर चढताना एक नोंद होते आणि उतरताना दुसरी, पण दोन्ही मिळून फेरी एकच धरतात. म्हणजे अशा रस्त्यावर शंभर-दीडशे किलोमीटर गेलात तरी एकच फेरी जाते. पासाचा खरा मलिदा इथे आहे. दुर्दैवाने महाराष्ट्रातल्या गाड्यांच्या रोजच्या वाटेवर असे रस्ते कमी.

पास फक्त खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी. पिवळ्या पाटीची टॅक्सी, टेम्पो, मालवाहू पिकअप, मिनीबस यांना तो नाही. गाडी खासगी आहे की नाही हे ‘वाहन’ या सरकारी नोंदवहीवरून तपासलं जातं. व्यावसायिक गाडीवर वापरल्याचं आढळलं तर पास सूचना न देता बंद होतो, आणि पैसे परत न मिळण्याचा नियम तिथेही लागू.

सुरू कसा करायचा

पास ‘राजमार्गयात्रा’ अ‍ॅपवर किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतो. टोलनाक्यावरच्या खिडकीत मिळत नाही. फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिच्या शाखेत जाऊनही उपयोग नाही. नवा टॅग घ्यावा लागत नाही. काचेवर लावलेल्या जुन्या टॅगवरच पास चढतो. म्हणूनच ‘वार्षिक पासाचं स्टिकर घरपोच’ असा निरोप आला तर तो सरळ काढून टाकावा.

अ‍ॅपमध्ये गाडीचा क्रमांक टाकायचा, टॅगची तपासणी होऊ द्यायची, मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा आणि पैसे द्यायचे. पैसे यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने जातात. टॅगच्या वॉलेटमध्ये पाच हजार पडलेले असले तरी त्यातून पास घेता येत नाही. पैसे पोचल्यावर साधारण दोन तासांत पास सुरू होतो आणि एसएमएस येतो. त्यामुळे नाक्याच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबून पास काढायचा बेत आखू नये. आदल्या रात्री काढलेला बरा.

अडतं ते बहुधा तपासणीत, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. नव्या गाडीसोबत शोरूममधून मिळालेला टॅग अनेकदा चॅसिस क्रमांकावर नोंदलेला असतो. नंबर पाटी आली तरी मालक बँकेत क्रमांक बदलून घेत नाही. साध्या टोलकपातीला याने काही बिघडत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. पासाला मात्र टॅगवर गाडीचा नोंदणी क्रमांकच हवा. बँकेच्या फास्टॅग पोर्टलवर आरसी बुकाची प्रत चढवून तो बदलून घ्यायचा आणि मग पासाकडे वळायचं.

दुसरं कारण टॅग काळ्या यादीत असणं. शिल्लक संपलेली, केवायसी अपुरी, किंवा टॅग काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवायची सवय. या सवयीवर प्राधिकरणाने जुलै २०२५ पासून कडक धोरण घेतलं आहे, असा सुटा टॅग काळ्या यादीत टाकतात. एका गाडीवर दोन बँकांचे टॅग असतील तर शेवटचा घेतलेला तेवढा जिवंत राहतो. काचेवर नेमका जुना असेल तर तो चालणार नाही.

तिसरं कारण जुना मोबाइल क्रमांक. टॅग घेताना एजंटने स्वतःचा किंवा शोरूमने भलताच क्रमांक टाकलेला असतो. ओटीपी तिकडे जातो आणि पुढे कपातीचे एसएमएसही तिकडेच. पास घेण्याआधी ही एक गोष्ट तपासली तरी निम्मी डोकेदुखी टळते.

टॅग लावायची जागा साधी आहे: समोरच्या काचेला आतून, मधल्या आरशाच्या मागे. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर वाचन अडखळतं. एकदा चिकटवलेला टॅग उपटून दुसरीकडे लावला तर आतली तार तुटते आणि तो कायमचा मुका होतो.

हिशेब: कुणाला परवडतो

सरकार सांगतं ती किंमत प्रत्येक नाक्याला १५ रुपये. ३,००० भागिले २००, भागाकार बरोबर आहे. पण हा दर सगळ्या दोनशे फेऱ्या वापरणाऱ्याचा. ज्याच्या वर्षात चाळीसच फेऱ्या होतात त्याला नाका ७५ रुपयांना पडतो.

बरोबरी कुठे होते ते काढताना परतीची सवलत विसरू नये. साध्या फास्टॅगने चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परतलात तर दोन्ही वेळचा मिळून दीडपट टोल लागतो, दुप्पट नाही. नाक्याचा एकेरी दर १०० रुपये धरला तर त्याच दिवशी परतणाऱ्याला एका ओलांडणीचे सरासरी ७५ पडतात. ३,००० रुपये वसूल व्हायला ४० फेऱ्या लागतात. दोन दिवसांनी परतणाऱ्याला पूर्ण १०० पडतात, त्याचे ३० फेऱ्यांत वसूल होतात. पुणे–कोल्हापूरच्या भाषेत पहिल्याला पाच वाऱ्या, दुसऱ्याला चारसुद्धा पुरतात. पुढे वर्षभरात आणखी वीसेक वाऱ्या शिल्लक असतात. पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार नाके असलेल्या पुणे–सोलापूरचंही गणित हेच. महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्याच्या २०० फेऱ्या जवळपास तंतोतंत संपतात. जणू त्याच्यासाठीच हा पास बेतला आहे.

दुसऱ्या टोकाला वर्षातून एकदा गणपतीला गावी आणि एकदा गुजरातेत लग्नाला जाणारं कुटुंब. खानिवडे, चारोटी, पुढे भगवाडा, बोरियाच असे नाके मोजले तरी जाता-येता दहा-बारा फेऱ्या होतील. त्यांनी पास घेऊ नये. टोलच्या रांगेत बाकीच्यांच्या तोंडी ‘पंधरा रुपये, पंधरा रुपये’ ऐकून मोह होतो, तो आवरावा.

सगळ्यात जास्त चूक होते ती रोज एकच नाका ओलांडणाऱ्याची. नाक्याच्या अलीकडे घर, पलीकडे कारखाना. महिन्याचे २५ दिवस, दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे महिन्याला ५०. वार्षिक पास चार महिन्यांत आटोपतो. वर्षाला तीन पास, ९,००० रुपये. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या खासगी गाडीमालकासाठी स्थानिक मासिक पास आधीपासून आहे. २०२५–२६ मध्ये त्याचा दर महिना ३५० रुपये होता. वर्षाचे ४,२००, आणि फेऱ्यांना मोजमाप नाही. म्हणजे स्थानिकाने वार्षिक पास घेणं म्हणजे दुपटीहून जास्त पैसे मोजणं. स्थानिक पासाला रहिवासाचा पुरावा लागतो, तो त्या एकाच नाक्यापुरता असतो, आणि जिथे सेवारस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध आहे तिथे तो नाकारण्याची सोय नियमात आहे. पण मिळत असेल तर आधी तोच.

वीस किलोमीटरच्या बाहेर राहणाऱ्याची गोष्ट उलटी. त्याच्यासाठी जुना मासिक पास म्हणजे पन्नास फेऱ्यांच्या दोन-तृतीयांश रक्कम. ९० रुपयांच्या नाक्यावर हे बरोबर ३,००० रुपये होतात, आणि तेही एका महिन्याचे. त्याच पैशात आता चार महिने निघतात. रोजच्या लांब पल्ल्याच्या खासगी मोटारवाल्याला या पासाने जेवढं दिलं तेवढं टोलच्या नियमांनी आधी कधी दिलं नव्हतं.

चालत नाही ते रस्ते, आणि का

पास चालतो तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवरच्या नाक्यांवर. देशभरात असे सुमारे ११५० नाके. राज्य सरकारच्या किंवा राज्याच्या महामंडळाच्या नाक्यावर तोच टॅग साध्या फास्टॅगसारखा वागतो आणि वॉलेटमधून पूर्ण टोल कापला जातो. टॅग वाजतो, दांडा उघडतो, हिरवा दिवा लागतो. पैसे गेले हे नंतर एसएमएसवरून कळतं.

महाराष्ट्रात या ‘राज्याच्या’ यादीत नेमके सगळ्यात महागडे रस्ते बसतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग: १ एप्रिल २०२३ पासून मोटारीला एकेरी ३२० रुपये. अटल सेतू: एकेरी २५०. समृद्धी महामार्ग: ७०१ किलोमीटर, एप्रिल २०२५ च्या दराने मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे नागपूर ते मुंबई १,४४५ रुपये. वांद्रे–वरळी सागरी सेतूही याच पंगतीत. जुना मुंबई–पुणे रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ चा क्रमांक मिरवतो, पण वरसोली आणि सोमाटणे इथली वसुली द्रुतगती मार्गाच्याच कराराखाली होते; तिथेही पासावर भिस्त ठेवू नये.

मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्याचं बिल पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. पहिल्या ९४ किलोमीटरला ३२० रुपये. पुण्यापुढच्या सव्वादोनशेहून जास्त किलोमीटरला पासाच्या हिशेबाने चार नाक्यांचे ६०.

या विसंगतीचं मूळ गडकरींच्या मंत्रिपदाच्या पहिल्या डावात आहे. १९९५ ते १९९९ च्या युती सरकारात ते महाराष्ट्राचे सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. मुंबईतले ५५ उड्डाणपूल आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ही त्या काळातली कामं. तिजोरीत पैसा नव्हता. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं: महामंडळाने सरकारी हमीवर बाजारातून कर्ज उभारायचं, रस्ता बांधायचा, आणि कर्ज टोलमधून फेडायचं. द्रुतगती मार्गासाठी आलेली सुमारे ३,६०० कोटींची खासगी निविदा सरकारने नाकारली आणि महामंडळाने काम सुमारे १,६०० कोटींच्या घरात केलं. २००२ मध्ये रस्ता पूर्ण खुला झाला, तेव्हा युतीचं सरकार जाऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. बांधकाम-मंत्री म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं ते या दोन कामांमुळे, आणि ते रास्तच आहे.

पण या पद्धतीला एक शेपूट आहे. टोल हे येणारं उत्पन्न म्हटलं की ते आगाऊ विकताही येतं. २००४ मध्ये महामंडळाने द्रुतगती मार्गाचे टोलवसुलीचे हक्क ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन पंधरा वर्षांसाठी दिले. मुदत संपल्यावर टोल थांबला नाही. २०२० मध्ये पुन्हा ८,२६२ कोटींचा करार झाला, एप्रिल २०३० पर्यंतचा. आता या रस्त्यावर एखाद्या मोटारीला ३२० ऐवजी १५ रुपयांत सोडायचं ठरवलं, तर फरकाचे ३०५ रुपये कुणीतरी करारदाराला द्यायला हवेत. राष्ट्रीय महामार्गांवर खासगी करारदारांची अशी भरपाई केंद्र करतं. राज्याच्या रस्त्यासाठी ती राज्याने करावी लागेल. दिल्लीतल्या मंत्र्याने ट्वीट करून हा नाका उघडत नाही, मग त्या मंत्र्यानेच तो रस्ता बांधलेला असो.

मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांची कथाही याच कुळातली. उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला ते बसवले, आणि हलक्या वाहनांची त्यातून सुटका झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर इथे मोटारीला आता टोलच नाही, तेव्हा पासाचा प्रश्नच येत नाही. एवढ्यावरून टोलमाफी कुठल्या हिशेबाने होते हे ज्याचं त्याने ओळखावं.

मुंबई–नाशिकला पर्याय हातात आहे. कसाऱ्याच्या जुन्या घाटाने गेलात तर अर्जुनाली आणि घोटी हे राष्ट्रीय महामार्गाचे नाके लागतात, दोन फेऱ्या वजा, संपलं. आमणेहून समृद्धीवर चढलात तर इगतपुरीपर्यंतच्या ७६ किलोमीटरला दीडशेच्या वर रुपये वॉलेटमधून जातात, पण घाटातले ट्रक आणि वेळ वाचतो. पावसाळ्यात आणि रात्री समृद्धी, एरवी पास, असा ताळमेळ बसवता येतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारीचं नशीब वेगळंच. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धी यांवर तिला टोलमाफी आहे, राष्ट्रीय महामार्गांवर नाही. म्हणजे राज्याचे रस्ते माफीने आणि केंद्राचे पासाने. हा पास सगळ्यात जास्त शोभतो तो या गाडीला, कारण तिच्याकडे दोन्ही बाजूंची भोकं बुजतात.

काय बिघडतं

पास असूनही पैसे कापले गेले, ही नेहमीची तक्रार. आधी नाका कुणाचा ते पाहायचं. बऱ्याचदा तो राज्याचा निघतो आणि कपात बरोबर असते. राष्ट्रीय महामार्गाचाच असेल तर पास सुरू झाल्याची वेळ आणि नाका ओलांडल्याची वेळ ताडून पाहायची. सक्रिय होण्याआधी झालेली ओलांडणी पासात बसत नाही. दोन्ही ठीक असेल तर महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. गाडी क्रमांक, नाक्याचं नाव, एसएमएसमधली वेळ आणि रक्कम एवढं हाताशी ठेवावं. नाक्यावरच्या मुलाशी वाद घालून काही निघत नाही. त्याच्या पडद्यावर पासाचा खातेउतारा नसतो.

फेऱ्यांचा आकडा अ‍ॅपमध्ये दिसतो. लांबच्या प्रवासानंतर तो एकदा ताडून पाहावा. वाचकयंत्राने टॅग पटकन वाचला नाही की कर्मचारी हातातल्या यंत्राने पुन्हा वाचतो. अशा वेळी नोंद दोनदा पडली आहे का हे त्याच दिवशी बघितलं तर सांगता येतं, महिन्याने आठवत नाही.

पास आहे म्हणून वॉलेट कोरडं ठेवणं ही दुसरी चूक. राज्याच्या नाक्यावर शिल्लक अपुरी पडली की टॅग असूनही नसल्यासारखा होतो. वैध टॅग नसलेल्या गाडीला राष्ट्रीय महामार्गावर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल, असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून आला. वॉलेटमध्ये पाचशे रुपये पडलेले असावेत, द्रुतगती मार्गावरून पुढे जाणार असाल तर हजार.

केवायव्ही म्हणजे ‘तुमची गाडी ओळखा’ ही पडताळणी बँकेने मागितली तर टाळू नये. समोरून घेतलेला एकच फोटो लागतो, त्यात नंबर पाटी आणि काचेवरचा टॅग दोन्ही दिसले पाहिजेत. उन्हात काच चकाकते आणि टॅग दिसत नाही, म्हणून फोटो नाकारला जातो. सावलीत गाडी उभी करून काढावा.

खटकतं ते

रांग कमी करणं हा पासाचा दावा अर्धाच खरा. रांग फास्टॅगने कमी केली, आणि तो फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. पासाने दांडा जास्त वेगाने उघडत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये गडकरींनी लोकसभेत वर्षभरात टोलनाकेच काढून जीपीएसवर वसुली आणण्याचं सांगितलं होतं. ते वर्ष गेलं, नाके राहिले. विनाअडथळा टोलसाठी गुजरातमधल्या चोऱ्यासी आणि हरियाणातल्या घरौंदा इथले करार झाले ते ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे पास सुरू झाला त्याच महिन्यात. जुन्या घोषणेची दुधाची तहान या पासाच्या ताकावर भागवावी लागते.

त्याहून मोठी गोष्ट रस्त्याच्या दर्जाची. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्रिशूरजवळच्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली थांबवली, कारण खोदलेला आणि कोंडलेला रस्ता टोल घेण्याच्या लायकीचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. टोल म्हणजे सेवेचं मोल, सेवा नाही तर टोल नाही, असं हे तत्त्व. खेड शिवापूरच्या नाक्यावर रखडलेल्या कामांवरून जी आंदोलनं झाली त्यांचंही म्हणणं हेच होतं. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेला माणूस या वादातून नकळत बाहेर पडतो. खड्ड्यातून गेला तरी त्याची फेरी वजा होते १५ रुपयांचीच, म्हणून तो चिडत नाही. आणि खिडकीपाशी गाडी आडवी घालून ‘देत नाही’ म्हणणारा एक जण कमी होतो. रस्ते-मंत्र्याच्या दृष्टीने तीन हजारांत ही शांतता स्वस्तच पडली. पासाला मुदतवाढीची अट हवी होती: ज्या नाक्यावरची वसुली रस्त्याच्या अवस्थेमुळे थांबवली जाते, तिथून रोज जाणाऱ्याचे तेवढे दिवस वर्षात धरू नयेत. तशी सोय नाही.

तरीही वस्तू म्हणून पास चांगला आहे, आणि ज्याच्या वाटेवर राष्ट्रीय महामार्गाचे चार नाके आहेत त्याने तो घ्यावाच. घेण्याआधी मागच्या वर्षाचा फास्टॅगचा खातेउतारा बँकेच्या पोर्टलवरून उतरवून घ्यायचा. त्यातून द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू, सागरी सेतू, पार्किंग यांच्या ओळी खोडायच्या आणि उरलेल्या रकमेची बेरीज करायची. बेरीज ३,००० च्या वर गेली तर पास, खाली राहिली तर साधा फास्टॅग. पंधरा मिनिटांचं काम आहे.

एकदा घेतल्यावर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची. पास आपोआप नव्याने सुरू होत नाही, आणि १९५ च्या पुढे गेल्यावर प्रत्येक नाका मोजावा. दोनशेएकाव्या वेळी दांडा नेहमीसारखाच उघडतो, पैसे मात्र वॉलेटमधून पूर्ण दराने जातात.